पाठमोरी

"इतोरोचा फोटो काढला तो तुम्हीच ना?"

रिक्षात शेजारी बसलेल्या बाईने हे विचारलं ते जरा सरकता का, असं म्हणावं तितक्या साधेपणाने. एकेमिनीने मांडीवरची कॅमेऱ्याची बॅग पोटाशी ओढली आणि म्हणाली, "नाही बाई, मी नव्हे." बोलून गेल्यावर तिच्या लक्षात आलं, की 'कोण इतोरो?' असं विचारायला हवं होतं. ज्याला खरंच ठाऊक नसतं तो आधी तेच विचारतो. बाईच्याही ते लक्षात आलं असावं. तिने एकेमिनीकडे पाहिलं, बॅगेकडे पाहिलं, डोक्याला बांधलेल्या फडक्याचं टोक घट्ट खोचलं, आणि इताम बाजाराच्या वळणावर ड्रायव्हरच्या पाठीवर दोन बोटं वाजवून ती उतरून गेली. बसताना तिने पार शेवटच्या थांब्याचं नाव सांगितलं होतं. एकेमिनीने ते स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. मग ही मध्येच का उतरली?

रिकाम्या जागेवर लगेच पामतेलाचा डबा घेऊन एक गृहस्थ येऊन बसला. त्याचं कोपर एकेमिनीच्या बरगडीत रुतत होतं आणि एरवी तिने त्याला चार शब्द सुनावल्याशिवाय सोडलं नसतं. आज तिला ते कोपर जाणवत होतं आणि जाणवून काही होत नव्हतं. इतोरो हे नाव त्या बाईला कळलं कसं, एवढाच एक प्रश्न डोक्यात घोंगावत होता. लेख छापून आठ महिने झाले होते. प्रार्थनाघरातल्या कुणा प्रॉफेटने बोट दाखवायचं, हे पोर चेटकं आहे म्हणायचं, आणि घरच्यांनी त्या पोराला हाकलून द्यायचं, असल्या मुलांवरचा लेख. मजकूर ओबोटचा, फोटो तिचे. लेखात मुलीचं नाव ग्रेस होतं, आणि ग्रेस नावाच्या पोरी इथे गल्लीत पाच निघतात. फोटोत तोंड नव्हतं. सकाळच्या प्रार्थनेला गुडघे टेकून, दोन्ही हात वर करून बसलेली नऊ वर्षांची मुलगी, पाठमोरी. ते नाव तीन माणसांना ठाऊक होतं. एक ती स्वतः. दुसरा ओबोट. तिसरी, ज्या घरात ती मुलं राहतात तिथली मा अकोन. तिघांपैकी स्वतःला तिने वगळलं. उरले दोघे. तिच्या मनात पाल चुकचुकली ती तिथे.

ती घरी जायला निघाली होती. पण घराचा थांबा आला तरी ती उतरली नाही, तशीच पुढे पेपरच्या ऑफिसपर्यंत गेली. ओबोट पंचावन्न वर्षांचा, पोट सुटलेला, आवाज मात्र कोवळा. पंधरा वर्षं ती त्याच्याबरोबर काम करत होती. कुठल्याही खेड्यात गेलं की तो आधी म्हाताऱ्यांजवळ बसून अर्धा तास नातीगोती काढायचा, तोवर ती झाडाखाली उभी राहून प्रकाश कुठून पडतोय ते बघायची. माणसाचं तोंड उघडायला लावायचं काम त्याचं, ते झाकायचं काम तिचं, असं तो गमतीने म्हणायचा. आज ती दारात उभी राहिली आणि त्याने लॅपटॉप मिटला. तो एरवीही मिटायचा का? तिला आठवेना. पंधरा वर्षांत ह्या गोष्टीकडे तिने कधी पाहिलंच नव्हतं आणि आता बघायला गेलं तर सगळंच ठरवून केल्यासारखं वाटायला लागलं. टेबलावर त्याच्या चर्चच्या वर्धापनदिनाची पत्रिका होती. पाद्र्याशेजारी प्रमुख पाहुणे म्हणून ओबोटचं नाव होतं.

"एते," ती वडीलधाऱ्याला म्हणतात तसं म्हणाली, "इतोरोचं नाव तुम्ही कुणाला सांगितलंत?"

"ये, बस. पाणी पी. मग माझ्यावर खटला भर."

"हसण्यावारी नेऊ नका. रिक्षात एका बाईने मला नाव घेऊन विचारलं."

ओबोटने चष्मा काढून पोटावरच्या शर्टाला पुसला. "मी काल काय जेवलो ते माझ्या बायकोला सांगत नाही. तुझ्या पोरीचं नाव कुणाला सांगू?"

"तुमच्या त्या पाद्र्याला. बोलता बोलता. तुम्हाला बोलताना भान राहत नाही."

"माझा पाद्री मुलांना चेटकी म्हणत नाही, एकेमिनी. तो झोपाळू माणूस आहे. त्याचं प्रवचन ऐकून सैतानसुद्धा पेंगतो." तो हसला, पण ती हसली नाही हे पाहून त्याचा चेहरा बदलला. "काय झालंय, की काहीतरी वाईट झालंय. आता तुला माणूस हवाय. कोणी केलं, कोणी केलं. आपण ज्याच्यावर लेख लिहिला तो प्रॉफेटही हेच विचारतो की. फक्त तो आधी पोराच्या कपाळाला तेल लावतो."

ती उठली. जिना उतरून खाली आली आणि रस्त्यावर, उकडलेले शेंगदाणे विकणाऱ्या बाईच्या छत्रीखाली उभी राहिली. ओबोटने सहज म्हटलं होतं, त्याला काही माहीत असायचं कारण नव्हतं. न्कोयोबद्दल तिने कधीच कुणाला सांगितलं नव्हतं, नवऱ्यालासुद्धा नाही. न्कोयो तिची धाकटी बहीण. एकेमिनी दहा वर्षांची आणि न्कोयो आठ, तेव्हा वडील आजारी पडले. पोट फुगायचं, अन्न टिकायचं नाही. आई दोघींना हाताला धरून प्रार्थनाघरात घेऊन गेली. तिथे एक बाई होती, तिला सगळे मदर म्हणायचे, पांढराशुभ्र झगा आणि अनवाणी पाय. मदरच्या पायांना भेगा होत्या आणि त्या भेगांत लाल माती गेलेली होती, एकेमिनी खाली मान घालून तेवढंच बघत होती. मदरने तिच्या डोक्यावर हात ठेवून अगदी मायेने विचारलं होतं, बाळा, स्वप्नात कोण येतं तुझ्या? आणि एकेमिनी म्हणाली होती, न्कोयो येते. स्वप्न खरंच पडलं होतं. स्वप्नात न्कोयोने तिच्या वाट्याचा मटणाचा तुकडा खाल्ला होता. ती खरं तेच बोलली होती, आणि एवढ्या सगळ्या मोठ्या माणसांनी कान देऊन ऐकलं म्हणून तिला त्या क्षणी आनंद झाला होता. हा आनंद तिला अजून आठवतो, त्याचीच तिला सगळ्यात जास्त लाज वाटते. मदरने न्कोयोला चेटकी ठरवलं आणि तिथे एकोणीस दिवस ठेवून घेतलं, उपाशी. परत आली तेव्हा तिची मान बारीक झाली होती. पुढे वडील गेले ते गेलेच. न्कोयो आता लागोसला असते, नाताळला फोन करते, सगळ्यांची चौकशी करते, मुलांच्या शाळेचं विचारते. पण त्या दिवसानंतर ती एकेमिनीबरोबर एका ताटात कधी जेवली नाही.

"बाई, शेंगा घ्यायच्या असतील तर घ्या, नाहीतर ऊन सगळ्यांनाच आहे," विकणारी म्हणाली. एकेमिनीने एक पुडी घेतली आणि न खाता बॅगेत टाकली.

शेंगावालीच्या डोळ्यांतही तिला काहीतरी दिसलं. हे असं होतं, हे तिला ठाऊक होतं. एकदा का मनात संशयाने घर केलं की समोरचा प्रत्येक माणूस काहीतरी लपवतोय असं वाटायला लागतं, आणि गंमत म्हणजे प्रत्येक माणूस काही ना काही लपवत असतोच. ती दुसऱ्या रिक्षात बसली आणि शहराबाहेर, मा अकोनच्या घराकडे निघाली. वाटेत ती मनाशी मा अकोनचा हिशेब मांडत होती. मा अकोन पाच वेळा नर्सच्या परीक्षेला बसून शेवटी पास झालेली, नवरा गेल्यावर स्वतःचं घर ह्या मुलांना मोकळं करून देणारी बाई. एकवीस मुलं. बाई सरळ, पण बोलघेवडी. चर्चच्या बायका गारीची, कसाव्याच्या रव्याची, पोती घेऊन येतात तेव्हा त्यांना प्रत्येक मुलाची कथा मीठमसाला लावून सांगते. दया उत्पन्न झाल्याशिवाय पोतं हलत नाही, असं तीच एकदा म्हणाली होती. हिनेच सांगितलं असणार. बोलण्याच्या भरात, चांगल्याच हेतूने. एकेमिनीला वाटलं, आता सापडलं. आणि सापडल्यावर जो हलकेपणा वाटायला हवा होता तो काही वाटेना.

फाटक आतून बंद होतं. कडी वाजवल्यावर आतून मा अकोनचा आवाज आला, "कोण?" नाव सांगितलं तरी फाटक उघडलं नाही. आधी बाजूच्या भोकातून एक डोळा आला, मग कुलूप निघालं.

"माझ्यासाठी कधीपासून कुलूप?" एकेमिनीने विचारलं.

"आजपासून. तुझ्यासाठीच. आत ये आणि मला सांग, कुणाजवळ बोललीस?"

मा अकोनच्या हातात अजून कुलूप होतं. एकेमिनीला एकदम कळलं, की आपण जिच्यावर संशय घेऊन इथवर आलो, ती सकाळपासून आपल्यावर संशय घेऊन बसली आहे.

मा अकोनने सांगितलं ते असं. गेल्या आठवड्यापासून एक बाई शहरातल्या मुलांच्या घरांतून फिरते आहे, इतोरो नाव घेऊन विचारते आहे. परवा नन चालवतात त्या घरी गेली होती. काल संध्याकाळी तिचा इथे फोन आला, की उद्या येते. "मी म्हटलं इथे असं कोणी नाही. तर म्हणाली, मी येऊन बघते. म्हणजे तिला कळलंय. आणि तुला आठवतं ना त्या थोरल्या पोरीचं?"

एकेमिनीला आठवत होतं. गेल्या वर्षी एका मुलीची आजी आली होती. सख्खी आजी. गावच्या प्रमुखाचं पत्र घेऊन आली. मुलगी तिला बघताच धावत जाऊन गळ्यात पडली, मा अकोनला रडू फुटलं, एकेमिनीने त्या मिठीचा फोटो काढला. आजीने मुलीला थेट त्याच प्रॉफेटकडे नेलं, काम अर्धवट राहिलंय म्हणून. दोन महिन्यांनी मुलगी बसथांब्यावर सापडली, तिच्या दंडावर भाजल्याची खूण होती. तेव्हापासून मा अकोन म्हणते, ओळख पटली म्हणजे भरवसा पटला असं नाही, आणि पोरांना विचारण्यात अर्थ नसतो, पोरं कुणालाही बिलगतात.

"म्हणून मी ठरवलंय," मा अकोन म्हणाली. "ती आली की बघू. पटली तर पटली. नाही पटली तर उद्या सकाळी इतोरोला इथून हलवते. कुठे ते कुणाला सांगणार नाही. तुलासुद्धा नाही. एकदा हलवली की तिच्या घरचं कोणी तिला शोधू शकणार नाही, मग तो देव असो की दानव."

"मी कुणाला सांगितलेलं नाही, मा."

"मीही नाही. मग काय देवदूत सांगून गेला?"

मा अकोनच्या ऑफिसात, टेबलाच्या वर, पेपरातलं ते पान काचेत घालून लावलेलं होतं. येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायला. मा अकोन चहाचं बघायला आत गेली आणि एकेमिनी खुर्चीत बसून त्या फोटोकडे पाहत राहिली. तिला तो फोटो तोंडपाठ होता. खिडकीतून येणारी पहाटेची तिरपी उजेडाची पट्टी, वर गेलेले दोन बारीक हात, मानेवरच्या बारीक वेण्या. हा फोटो तिचा अभिमान होता. हॉटेलात तीन दिवसांचं शिबिर झालं होतं, परदेशी बाई शिकवायला आली होती, मुलांचे फोटो कसे काढावेत. चेहरा नको. जखमेची खूण नको. शाळेचा बिल्ला नको. रस्त्याची पाटी नको, गावाचं नाव नको. एकेमिनीने ती यादी वहीत उतरवून घेतली होती आणि फोटो काढताना एकेक कलम मनात तपासलं होतं. कलमं सगळी पाळलेली होती. आणि मग, चहाचे कप आत कुठेतरी वाजत असताना, तिची नजर त्या मुलीच्या फ्रॉकवर गेली. पहिल्यांदाच गेली म्हटलं तरी चालेल. तपकिरी कापड, त्यावर पिवळ्या छत्र्या.

ते मातीचं, अंत्यविधीचं कापड होतं. इथे कुणी गेलं की प्रत्येक घराणं आपलं कापड ठरवतं. त्यासाठी बैठका होतात, भांडणं होतात, आबाच्या बाजारातून ठाणंच्या ठाणं आणतात, आणि मातीच्या दिवशी मंडपात बघावं तर माहेर एका रंगात, सासर दुसऱ्या, शेजारी तिसऱ्या. ते कापड पुढे वर्षानुवर्षं लोक घालतात, आणि बाजारात कुणाच्या अंगावर दिसलं की बायका लांबूनच सांगतात, ही अमक्याच्या घरची, म्हातारा गेला तेव्हाचं आहे. एकेमिनीच्या स्वतःच्या पेटीत अशी चार कापडं होती. एक वडिलांचं, निळ्यावर पांढरे मासे. ते नेसून ती गेल्या रविवारी चर्चला गेली होती आणि दोन अनोळखी माणसांनी तिला थांबवून तिच्या वडिलांचं नाव घेतलं होतं. जन्म इथे गेला. त्या परदेशी बाईला हे ठाऊक नसणं साहजिक होतं, तिच्या यादीत कापड नव्हतं. आणि एकेमिनीने आपले डोळे मिटून त्या बाईच्या यादीने पाहिलं. तोंड झाकलं आणि अंगावर घराण्याचं नाव तसंच ठेवलं. कुणी कुणाला काही सांगितलं नव्हतं. आठ महिने तो फोटोच सांगत होता.

मा अकोनला हे सांगायला हवं होतं. ती कप घेऊन आली तेव्हा एकेमिनीने तोंड उघडलंही. पण तेवढ्यात फाटकाची कडी वाजली.

आलेली बाई तीच होती, रिक्षातली. आता मात्र तिच्या अंगावर तपकिरी कापडावर पिवळ्या छत्र्या होत्या, लुगडं आणि पोलकं दोन्ही, डोक्यालाही त्याचंच फडकं. मा अकोनने तिला व्हरांड्यात बाकावर बसवलं, आत घेतलं नाही. मुलांना मागच्या खोलीत नेऊन दार लावून घेतलं होतं. बाईने एकेमिनीकडे पाहिलं आणि तिच्या तोंडावर आश्चर्य दिसलं नाही.

"तुम्ही नाही म्हणालात तेव्हाच कळलं की हो आहे," ती म्हणाली. "पेपरात तुमचाही फोटो होता की, लेखाशेजारी. तुमचं तोंड दाखवलं होतं. मग मी उतरून मुक्कामाच्या जागी गेले आणि हे नेसून आले. म्हटलं नुसती गेले तर ही माणसं मला दारातसुद्धा उभी करणार नाहीत."

ती म्हणाली, मी इतोरोच्या आईची धाकटी बहीण. तिने आपलं नाव सांगितलं, दोनदा सांगितलं, पण एकेमिनी तेव्हा तिचे हात बघत होती. धंद्याची सवय. हात काळे, बोटांच्या पेरांवर चिरा. कॅमेरूनच्या बाजूला मासे धुरावर वाळवायचं काम करते म्हणाली. बहीण गेली तेव्हा आले, माती केली, उरलेल्या तुकड्याचा पोरीला फ्रॉक शिवला आणि परत गेले. पोरीला बापाने दुसऱ्या बायकोच्या नादाने हाकलली ते मला कुणी कळवलंच नाही. मागच्या महिन्यात मासे बांधायला रद्दी आली, तिच्यात हे पान होतं.

"वर्षभर पोर कुठे आहे हे विचारावंसं वाटलं नाही?" मा अकोनने विचारलं.

"विचारत होते. शाळेत आहे म्हणायचे. फोनवर द्या म्हटलं की झोपलीय म्हणायचे."

"आणि न्यायची कुठे?"

"माझ्याबरोबर. तिकडे. तिकडे तिच्या बापाला कोणी ओळखत नाही आणि त्या प्रॉफेटलाही नाही."

"तुम्ही चर्चला जाता?"

"जाते. का, न जाणाऱ्यालाच देता काय पोर?"

मा अकोनने एकेमिनीला डोळ्याने खूण केली. दोघी ऑफिसात आल्या. "तू माणसं बघून पोट भरतेस," मा अकोन हलक्या आवाजात म्हणाली. "माझी नजर त्या आजीच्या वेळी फसली. आता तू सांग. खरी की खोटी? तू म्हणशील तसं."

एकेमिनी खिडकीतून बघत राहिली. बाई बाकावर ताठ बसली होती. ती रडली नव्हती, एकदाही नाही. खरी मावशी रडली नसती का? कापडाच्या घड्या अजून मोडलेल्या नव्हत्या, कालच कुणाकडून मागून आणल्यासारख्या. पण मातीचं कापड पेटीतच तर असतं, घड्या राहणारच. मासे वाळवणाऱ्या बाईची भाषा इतकी नीटनेटकी कशी? आणि रद्दीत नेमकं तेच पान? एकेमिनीला जाणवत होतं की आपण काय बघतोय ह्यापेक्षा आपल्याला काय बघायचंय हेच पुढे येतंय. ही बाई खरी असेल तर फोटोतली चूक उघड होणार, आणि आपली चूक ही कुणाची तरी सुटका ठरली हे मान खाली घालून सोसायचं. खोटी असेल तर त्याच चुकीने पोर उद्या भाजली जाणार. हो म्हटलं आणि फसलं, तर दंडावरची खूण आपली. नाही म्हटलं तर कुणाला काही दिसणार नाही. नाही म्हणण्यात निदान आपल्याला तरी धोका नव्हता.

"मला भरवसा वाटत नाही," ती म्हणाली.

मा अकोनने मान डोलावली, तिलाही तेच हवं असल्यासारखी. ती बाहेर गेली आणि इतोरो नावाची मुलगी इथे नाही, तुमची काहीतरी गल्लत होतेय, असं दोन वाक्यांत सांगून मोकळी झाली. बाई उठली. तिने बंद दाराकडे पाहिलं, मग एकेमिनीकडे.

"तोंडं झाकत बसा," ती म्हणाली. आणि फाटकातून बाहेर पडली. मा अकोनने कुलूप लावलं, मागच्या खोलीचं दार उघडलं, आणि उद्याच्या तयारीला आत गेली.

मुलं अंगणात पांगली. एकेमिनीने निघायला बॅग उचलली. व्हरांड्याच्या खांबाला टेकून इतोरो उभी होती, उंच झाली होती, पुढचा एक दात अर्धा आला होता. आठ महिन्यांत एकेमिनी चारपाच वेळा तरी इथे आली होती आणि प्रत्येक वेळी इतोरो तिला कॅमेऱ्याच्या काचेतून बघू दे म्हणून मागे लागायची. आज ती काही मागत नव्हती.

"आंटी, मावशी आली होती ना?"

"कोण मावशी?" एकेमिनी म्हणाली. ह्या वेळी प्रश्न बरोबर विचारला होता.

"दाराच्या फटीतून कापड दिसलं." इतोरोने अंगठ्याने जमिनीवर एक रेघ ओढली. "फोटोच्या दिवशी मी पिवळा फ्रॉक घातला होता, चर्चच्या बायकांनी दिलेला. तू म्हणालीस, घाबरू नकोस, तुझं तोंड येणार नाही. मग मला वाटलं, तोंड येणार नाही तर मावशीला कळणार कसं? म्हणून मी आत जाऊन फ्रॉक बदलून आले. तुला आठवत नाही?"

एकेमिनीला आठवलं. मुलगी मध्येच उठून पळाली होती आणि उजेड सरकत होता म्हणून ती तिच्यावर वैतागली होती.

"आईच्या मातीला खूप माणसं होती," इतोरो सांगत होती. "मावशी म्हणाली, हरवलीस तर घाबरायचं नाही, आपलं कापड बघायचं, आणि ज्याने घातलं असेल त्याचा हात धरायचा. बाबांची ती नवी बाई प्रॉफेटला घेऊन आली होती ना, तर मावशीने त्याला मंडपात येऊच दिलं नाही. ढकलला. सगळे हसले." ती थांबली. "मी रोज प्रार्थनेत सांगायचे की तिला पेपर मिळू दे. ती आता कुठे गेली?"

आठ वर्षांच्या न्कोयोलाही त्या दिवशी कोणी काही विचारलं नव्हतं, हे तिच्या आज पहिल्यांदा ध्यानात आलं. सगळे एकेमिनीलाच विचारत होते. न्कोयो भिंतीशी उभी होती आणि ऐकत होती.

"मी तिला परत पाठवली," ती म्हणाली. "मी मा अकोनला सांगितलं की तिच्यावर विश्वास ठेवू नका."

इतोरोने तिच्याकडे पाहिलं. ती रडली नाही. मावशीसारखीच, ताठ.

"मग जाऊन सांग, की तू खोटं बोललीस," ती म्हणाली.

एकेमिनीने बॅग तिथेच बाकावर ठेवली. फाटकाचं कुलूप तिला उघडता येईना, तेव्हा तिने मा अकोनला हाक मारली, आणि मा अकोन किल्ली घेऊन येऊन काय झालं, कशाला, असं विचारत असतानाच तिच्या हातातून किल्ली घेऊन ती बाहेर पडली. बाहेर उन्हाने रस्ता पांढरा झाला होता. दोन्ही बाजूंनी बाजाराची वर्दळ, मिरच्यांच्या पाट्या, मोटारसायकली, दुरुस्तीला काढलेले पंखे. बाई कुठल्या दिशेला गेली ते कळायला मार्ग नव्हता. एकेमिनी रिक्षाथांब्याच्या बाजूला पळत सुटली. चप्पल निघाली ती तिने तशीच टाकली. लांब, मोटारींच्या पलीकडे, तिला तपकिरी रंगाचं काहीतरी दिसलं, मग दिसेनासं झालं. हाक मारायला हवी होती, पण बाईचं नाव तिला ठाऊक नव्हतं. दोनदा सांगितलेलं नाव तिने ऐकलंच नव्हतं.

मग तिला जे एक नाव ठाऊक होतं ते ती ओरडली. ते तिने लेखात येऊ दिलं नव्हतं, नवऱ्याला सांगितलं नव्हतं, सकाळीच त्या नावाच्या मुलीचा फोटो आपण काढला नाही म्हणून खोटं बोलली होती. भर बाजारात, छातीला कळ लागेपर्यंत ती ओरडत राहिली, "इतोरोची मावशी, अहो, इतोरोच्या मावशी, थांबा." मिरच्या विकणाऱ्या बायका वळल्या. मोटारसायकलवाले वळले. त्यांच्यात कोण कुणाचं आहे, कोण हे नाव कुठे घेऊन जाईल, हे तिला कळत होतं आणि तिची भीती गेलेली नव्हती. ती आणखी मोठ्याने ओरडली. आणि थांब्यावर, रिक्षात एक पाय टाकलेली बाई पाय खाली घेऊन, पाठमोरीच, क्षणभर उभी राहिली.